न विचारता काढलेलं चित्र

बब्रुवानला रंगाचं वेड लागलं ते एका लुगड्यापायी. सन अठ्ठावन्नचा उन्हाळा होता आणि तो आठ वर्षांचा होता. जळकोटात नानासाहेबांचं लग्न होतं. गावात एवढं मोठं लग्न बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. वरात वेशीतून आत आली तेव्हा वस्तीतली माणसं बाभळीच्या सावलीला उभी राहून बघत होती आणि आई मथुराबाईच्या कडेला बब्रुवान उभा होता. छकड्यात नवी नवरी बसली होती. अंगावर डाळिंबी रंगाचं इरकल लुगडं, त्याला पिवळा गोमी काठ. ऊन पडलं होतं तिथं ते फुटलेल्या डाळिंबासारखं पेटलेलं दिसत होतं आणि जिथं घडी पडली होती तिथं जवळजवळ काळं. एकच रंग आणि तो असा दोन तऱ्हेचा, हे पोराला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. वरात पुढं गेली, लोक पांगले, तरी तो तिथंच उभा. आई म्हणाली, "काय बघायलास?" त्यानं लांब गेलेल्या छकड्याकडं नुसतं बोट केलं.

नवरीचं नाव केशरबाई, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढं नळदुर्गला हायस्कुलात शिकताना त्याला रेवणप्पा सर भेटले. चित्रकलेचा तास म्हणजे पोरांना दंगा करायची मोकळीक, पण या सरांचा जीव खरोखर रंगात होता. त्यांनी आपली जुनी रंगपेटी बब्रुवानला दिली. सहा वड्या, त्यातल्या दोन झिजून तळ दिसायला लागलेल्या, आणि खारीच्या केसांचा एक ब्रश. सर म्हणाले, "जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. जिथं पांढरं पाहिजे तिथं कागद सोडायचा. कुठं हात लावायचा न्हाई, हे ज्याला कळलं त्याला जलरंग आला." बब्रुवान किल्ल्याच्या तटावर बसून बोरी नदी काढायचा, बाजारातली मिरच्यांची रास काढायचा. पावसाळ्यात ओल्या भिंतींवर शेवाळ चढलं की त्याला घरी जाऊ वाटायचं नाही.

तो मॅट्रिक झाला आणि पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरं गेलं. बहात्तरच्या दिवाळीला शिवारात पेरलेलं असं काही उरलंच नाही. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली आणि शिकलेल्या पोरांना त्या कामांवर हजेरी कारकून म्हणून घेतलं. बब्रुवानला सास्तूरच्या पलीकडं पाझर तलावाच्या कामावर धाडलं. सातआठशे माणूस त्या कामावर होतं. बाप्ये खणायचे, बाया पाट्या वाहायच्या, म्हातारी माणसं खडी फोडत बसायची. दुपारी मजुरांना खायला वाटायच्या सुकडीची गाडी यायची आणि पाण्याचा टँकर आला तर यायचा.

रंगाच्या माणसाला ते साल फार जड गेलं. माती तांबूस करडी, माणसं त्याच मातीची, जनावरांची कातडी तीच. आभाळसुद्धा धुळीनं मळकं झालेलं. तरी बब्रुवान दुपारच्या सुट्टीत पेटी उघडून बसायचा. पाणी? चूळ भरताना अर्धा पेला राखायचा, त्यात ब्रश बुडवायचा. एकदा चित्र झाल्यावर त्यानं ते गढूळ पाणी मातीवर ओतलं, तर जवळ खडी फोडत बसलेला ईरण्णा नावाचा म्हातारा म्हणाला, "सांडू नगा कारकून. माझ्या शेळीला चाललं असतं." बब्रुवान म्हणाला, "रंगाचं पाणी हाय बाबा, पिण्याजोगं न्हाय." म्हातारा त्या ओल्या ठिपक्याकडं बघत राहिला. "आता न्हाईच म्हणा," एवढं बोलून त्यानं हातोडा उचलला. त्या दिवसापासून बब्रुवान एका पेल्यात तीन दिवस काढायला लागला आणि त्याची सगळी चित्रं आणखीनच मातकट झाली.

मार्चात एक नवी बाई कामावर आली. डोक्यावरून पदर इतका खाली ओढलेला की हनुवटीशिवाय काही दिसू नये. बब्रुवाननं नाव विचारलं. "मालनबाई," ती म्हणाली. गाव विचारलं, तिनं जवळच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. बब्रुवाननं लिहून घेतलं आणि वर बघितलं, तर समोर ते डाळिंबी लुगडं. रंग फिका पडलेला, निऱ्यांना ठिगळ, पण पिवळा गोमी काठ तसाच. पंधरा वर्षं होत आली होती तरी त्याला क्षणभरही शंका आली नाही. त्यानं चेहरा बघितलाच नव्हता, बघायची गरजही पडली नाही.

तिलाही ते कळलं. संध्याकाळी माणसं पांगल्यावर ती हजेरीच्या छपराजवळ आली. पदर न काढताच म्हणाली, "तुमी मथुराबाईचं न्हवं का?"

"व्हय."

"आमच्या घरात कुणाला ठावं न्हाय. मालकाला म्या माहेरी चालले म्हणून सांगितलं. भाऊ हितंच हाय माझा, पण त्याचीच चूल पेटंना, तो मला काय देणार. राहायला जागा दिली, एवढंच. म्या हितनं ज्वारी धाडणार आन् भावानं दिली म्हणून सांगणार. मालकाला बायकोच्या कष्टाचं गळ्याखाली जाणार न्हाय, मेव्हण्याचं जाईल." तिनं पदर आणखी खाली ओढला. "तुमच्या तोंडातनं निघू देऊ नगा."

"न्हाय निघणार," बब्रुवान म्हणाला.

आणि त्याच्या तोंडातून ते कधी निघालंही नाही. मथुराबाईलासुद्धा त्यानं तेव्हा काही सांगितलं नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून त्याची नजर त्या एका रंगावरून हलेना. आठशे माणसांच्या त्या मातकट रांगेत तो डाळिंबी ठिपका वर चढायचा, बांधावर थांबायचा, पाटी रिकामी करून खाली यायचा. सकाळच्या उन्हात तो तांबडा दिसायचा, दुपारी करपल्यासारखा, आणि दिवस कलताना पुन्हा त्याला ती पूर्वीची काळी घडी पडायची. तीन दुपारी बब्रुवाननं नुसती रेखाटनं केली. चौथ्या दिवशी रेवणप्पा सरांनी दिलेला एकुलता एक चांगला जाड कागद काढला. त्या दिवशी त्यानं प्यायचं पाणी प्यायलं नाही, सगळं चित्राला वापरलं. स्वच्छ पाण्यात स्वच्छ रंग. वाकून पाटी उचलणारी बाई, तिच्यामागं मातीचा उतार, आणि लुगडं. चेहऱ्याच्या जागी पदराची सावली एवढीच. चेहरा काढायचा नाही हे त्यानं आधीच ठरवलं होतं. दिलेला शब्द आपण पाळतोय असंच त्याला वाटत होतं.

ती पाच हातांवर होती. तिला हाक मारून विचारता आलं असतं. त्याच्या मनात ते आलं नाही, किंवा आलं आणि त्यानं ते बाजूला सारलं. पुढं आयुष्यभर त्यानं आठवायचा प्रयत्न केला, पण यातलं खरं कोणतं हे त्याला सांगता येईना.

जूनमध्ये पावसाचा पहिला शिंतोडा पडला आणि ती दिसेनाशी झाली. हजेरीत मालनबाईच्या नावापुढं त्यानं रेघ मारली.

वर्षं गेली. बब्रुवाननं सोलापूरला राहून चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि शहात्तर साली ढोकीच्या शाळेत नोकरीला लागला. बायको आली, लेकरं झाली. मथुराबाई मात्र जळकोट सोडून आली नाही. ढोकी भागात तेव्हा उसाचे दिवस होते. सहकारी कारखान्याच्या धुराड्याचा धूर, ट्रॅक्टरच्या मागं धावणारी पोरं, गुऱ्हाळासारखा गोड वास सगळ्या हवेला. हिरव्या रंगाला दुष्काळात विसरलेला बब्रुवान आता हिरव्यावर तुटून पडला. उसाचा हिरवा, हरभऱ्याचा हिरवा, पाटाच्या कडेच्या गवताचा हिरवा, आणि यातला एकही दुसऱ्यासारखा नाही हे तो पोरांना हातात पानं धरून दाखवायचा. पोरं घरी जाऊन सांगायची, मास्तर येडं हाय पण चांगलं हाय.

ऐंशी साली कारखान्याची वार्षिक सभा जवळ आली. चेअरमन आण्णासाहेबांनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की सभासद लांबून येतात, सभा संपेपर्यंत बायाबापड्यांना आणि पोरांना बघायला काहीतरी असावं. मुख्याध्यापकांनी बब्रुवानचं नाव सांगितलं. साखरेचं एक रिकामं गोदाम त्याला मिळालं. बब्रुवानला आधी खरंच वाटेना. मुंबई-पुण्याला चित्रं भिंतीवर लावतात हे त्यानं वाचलं होतं. इथं, आपल्या माणसांना, आपल्या शिवाराची चित्रं दाखवायची, ही गोष्ट त्यानं कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

चित्रं निवडायला तो जळकोटला गेला, कारण जुनी सगळी आईजवळ ट्रंकेत होती. अंगणात चादरीवर एकेक मांडली. मथुराबाई शेजारी बसून शेंगा फोडत होती. डाळिंबी लुगडं निघालं तशी तिचे हात थांबले.

"ही केशरबाई न्हवं?"

"चेहरा काढला न्हाय म्या," बब्रुवान म्हणाला.

"चेहऱ्याचं काय घिऊन बसलास. तिच्या लग्नातलं लुगडं हाय ते. समद्या गावानं वरातीत बघितलंय." मग तिनं विचारलं, "कुठं काढलंस हे?"

तेव्हा त्यानं आईला सांगितलं. सगळं सांगितलं. मथुराबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे चित्र नगं लावूस बब्रू. बाकीची लाव."

"ढोकीला जळकोटचं कोण येतंय?"

"कुणी न्हाय आलं तरी नगं."

त्यानं ते बाजूला काढलं. पण बाकीची सत्तावीस चित्रं एकीकडं ठेवून बघितली, तर ती सगळी चांगली होती, नेटकी होती, आणि हे एकटं जिवंत होतं. हे त्याचं त्यालाही दिसत होतं. हे मागं ठेवलं तर आपण प्रदर्शन भरवून काय दाखवणार? त्यानं ते कागदात गुंडाळून सगळ्यांच्या मध्ये ठेवलं, म्हणजे घडी पडू नये. आईनं बघितलं. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

गोदामाला चुना मारून घेतला होता. काचेच्या चौकटी चारच मिळाल्या, त्यातली एक त्या चित्राला. ते दारासमोरच्या भिंतीवर, मधोमध. बाकीची सुतळीला चिमटे लावून टांगली. सकाळी दहापासून माणसं यायला लागली आणि बब्रुवानला दिवस थोडा पडला. शेतकरी चित्राजवळ नाक नेऊन बघायचे. "हा आमच्या बांधावरचा लिंब, पैज लावतो." कुणी थुंकी लावून बोट कागदावर घासून बघितलं, रंग जातोय का, आणि गेलाच. एकजण म्हणाला, "मास्तर, ऊस झ्याक काढलाय, पण एवढा ऊस आन् खाली पाचट कसं न्हाय?" सगळे हसले, बब्रुवानही हसला आणि त्याचं पाचट काढायचं खरंच राहिलं होतं. एक म्हातारी पाझर तलावाच्या चित्रापुढं उभी राहून आपल्या नातीला सांगत होती की अशाच बांधावर तुझा आजा माती वाहायचा. बब्रुवान जवळ जाऊन ऐकत राहिला. त्याला वाटलं, रेवणप्पा सर आज असायला पाहिजे होते.

दुपारी सभेची सुट्टी झाली तशी गर्दी आत घुसली. त्यात जळकोटची चार माणसं होती. लांबचं गाव, पण उसाच्या आशेनं तिथल्या काही जणांनीही शेअर घेतले होते. त्यातला एक समोरच्या चित्राकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "अरं, हे नानासाहेबांच्या मालकिणीचं लुगडं न्हवं का?" दुसरा हसला. "अंगानंबी तिच्यावाणीच हाय." तिसऱ्याचं हसू मधेच थांबलं, कारण दारात नानासाहेब उभे होते.

नानासाहेब तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर, बोलणं मोजकं. विहिरीला पाणी लागल्यावर त्यांचं घर पुन्हा सावरलं होतं आणि पुढच्या खेपेला ते संचालक मंडळावर उभे राहणार असं लोक बोलायचे. त्या वर्षांत कुठं दुष्काळाचा विषय निघाला की ते आवर्जून सांगायचे, "माझ्या मेव्हण्यानं, श्रीपतीनं, घर राखलं. बहीण दिली त्या घरावर जीव टाकावा तर श्रीपतीसारखा." चारचौघात त्यांनी हे कितीदा सांगितलं होतं.

ते सरळ चित्राजवळ गेले. हात मागं बांधून उभे राहिले. बाकीची माणसं दोन पावलं मागं सरली.

"मास्तर, हे कुठलं?"

"सास्तूरकडचं," बब्रुवान म्हणाला. "पाझर तलावाचं काम."

"कवाचं?"

"त्र्याहत्तरचा मार्च."

"ही कोण?"

इथं बब्रुवानला बोलता आलं असतं. मनानं काढलंय, असं म्हणता आलं असतं. लुगडं लहानपणी वरातीत बघितलेलं, ते ध्यानात राहिलं, बाई दुसरीच, असंही म्हणता आलं असतं, आणि ते निम्मं खरंच होतं. रात्रंदिवस पुढं त्यानं ही वाक्यं किती तऱ्हांनी जुळवली. पण त्या वेळी त्यातलं एकही सुचलं नाही.

"नाव ठाऊक न्हाय," तो म्हणाला.

"ठाऊक न्हाय म्हणता आन् मान खाली घालता," नानासाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी आणखी थोडा वेळ चित्राकडं बघितलं. काचेत त्यांची टोपी दिसत होती. मग ते वळले आणि सभेकडं न जाता एस.टी. स्टँडाच्या रस्त्याला लागले.

बब्रुवाननं चित्र उतरवलं, पण तोवर ते सगळ्यांनी बघितलं होतं. संध्याकाळी आण्णासाहेब आले, शाल आणि नारळ देऊन सत्कार केला आणि म्हणाले, "मधलं चित्र कुठं गेलं? लोक लई बोलतेत त्याच्याबद्दल. ऑफिसात लावू या, खाली दुष्काळातली कष्टकरी माता असं लिहू." बब्रुवाननं ते द्यायचं नाही असं सांगितलं. कारण सांगितलं नाही. आण्णासाहेबांना वाटलं, मास्तर भाव खातोय.

त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री त्याला एकच गोष्ट छळत होती. त्यानं स्वतः तिला कशावरून ओळखलं होतं? लुगड्यावरून. तोंड न बघता. मग चेहरा झाकला म्हणजे बाई झाकली, असं त्याच्यासारख्यानं मानायचं कसं? आणि याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाजवळ काढली नाही. नानासाहेबांच्या दारात त्याची आई ताकासाठी उभी राहायची. बौद्ध दीक्षा घेतल्यावर वस्तीनं गावकीची कामं सोडली, पण ताकाची गरज सुटली नव्हती. शिवू नये म्हणून वरून धार धरायचे, मथुराबाई खाली तांब्या धरायची. त्याच घरची सून आपल्या हजेरीत उभी राहिली, नाव बदलून, हात जोडल्यासारखी, तेव्हा आपल्या मनाला कुठंतरी बरं वाटलं होतं का? आणि तेच बरं वाटणं आपण चौकट लावून दारासमोर टांगलं का? नाही, असं त्याला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. रंग सुंदर होता हे खरं. पण तेवढंच खरं होतं का?

महिन्याभरानं तो जळकोटला आला असताना केशरबाई त्यांच्या घरी आली. दिवसाढवळ्या, वस्तीतून चालत, तोंडावर पदर न घेता. या घराचा उंबरा ती पहिल्यांदाच ओलांडत होती. मथुराबाईनं घोंगडी अंथरली. केशरबाई बसली आणि म्हणाली, "पाणी द्या थोडं." मथुराबाईनं तांब्या दिला. ती तोंड लावून प्यायली आणि तांब्या खाली ठेवला. अंगावर साधं हिरवं लुगडं होतं. बब्रुवानला तिचा चेहरा नीट असा पहिल्यांदाच दिसला. चाळिशीच्या आतबाहेरची, दमलेली बाई.

"मालक बोलत न्हाईत," ती म्हणाली. "सून वाढती, ते जेवतेत. म्या कामावर गेले त्याचा राग न्हाय, म्हणतेत. सात वर्सं मला जगापुढं मेव्हण्याचे गुण गायला लावलेस, म्हणतेत. मालक श्रीपतीच्या दारात जाऊन आले. त्याला इचारलं, तू धाडली व्हतीस का ज्वारी? त्यो काय बोलणार. आता त्यो आमच्या दारात यायचा न्हाय आन् म्या त्याच्या. माहेर संपलं माझं."

मथुराबाई म्हणाली, "बाई, चुकी आमची हाय."

"तुमची न्हाय. मास्तरची हाय." तिनं बब्रुवानकडं बघितलं. "तुमी तोंडानं सांगितलं न्हाय, म्या मानते. पण काढायच्या आधी मला इचारावं, असं वाटलं न्हाय?"

बब्रुवान म्हणाला, "चुकलं माझं."

"म्या व्हय म्हणलं असतं का न्हाय, ते मलाबी ठावं न्हाय. पण इचारायचं." तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "मला दावा."

तेव्हा बब्रुवानच्या ध्यानात आलं की जिच्या घरात त्या चित्रानं आग लावली तिनं ते अजून बघितलंच नाही. त्यानं ट्रंकेतून चित्र काढून तिच्यापुढं ठेवलं. केशरबाई वाकली, बोट लांब करून थांबली, कागदाला लावलं नाही. किती वेळ ती बघत होती.

"एवढी वाकली व्हती व्हय माझी पाठ," ती म्हणाली.

बब्रुवाननं चित्र उचलून हातात घेतलं.

"फाडून टाकू का?" बब्रुवाननं विचारलं.

"आता फाडून काय व्हतंय. बघायचं त्यांनी बघितलं." ती उठली. दारात पोचल्यावर मागं न वळता म्हणाली, "रंग मातूर तसाच हाय. नवं व्हतं तवाचा." आणि ती गेली.

नानासाहेब निवडणुकीला उभे राहिले नाहीत. भाऊबीजेला श्रीपती जळकोटला आला नाही, पुढच्या वर्षीही नाही आणि त्याच्या पुढच्याही. बब्रुवान दर दिवाळीला आईकडं यायचा आणि न विचारता मथुराबाई त्याला तेवढं एक वाक्य सांगायची, "यंदाबी न्हाय आला." ती हे त्याला टोचायला सांगत नव्हती. पण तो ते ऐकायला येतो, हे तिला कळलं असावं. चौऱ्याऐंशीच्या थंडीत मथुराबाई गेली. मयतीला नानासाहेबांच्या घरातून केशरबाई एकटी आली, बायकांत बसली आणि उठून गेली. बब्रुवानशी बोलली नाही. बोलावं असं काही उरलंही नव्हतं.

त्यानंतर कारखान्यानं दोनदा बोलावलं, उस्मानाबादच्या वाचनालयानं बोलावलं. बब्रुवाननं प्रदर्शन भरवलं नाही. चित्रं काढायची त्यानं सोडली नाहीत, ती सुटणारी गोष्ट नव्हती. पण माणूस काढायचा सोडला. शिवार काढायचा, दगड, भिंती, आभाळ. बैल काढायचा असला तर आधी मालकाला विचारायचा, आणि लोक त्यावरून हसायचे. शाळेतली पोरं मोठी झाली, काही शहरात गेली, एकजण मुंबईला कलाशाळेत लागला आणि पत्रात विचारायला लागला की सर, तुमच्या चित्रांत माणसं का नसतात. त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

शहाऐंशी साली पुन्हा पाऊस हुकला. रोजगार हमीची कामं निघाली. एका रविवारी बब्रुवान सायकलवरून ढोकीच्या बाहेर गेला होता. रस्त्याच्या भरावाचं काम चालू होतं. सुट्टी झाली होती आणि एक तरणी बाई लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसली होती. तिच्या अंगावर हळदीसारख्या पिवळ्या रंगाचं पातळ, खांद्यावर फाटलेलं, आणि त्यावर पानांची सावली हलत होती. बब्रुवान सायकल धरून उभा राहिला. बराच वेळ. पिशवीत पेटी होती.

अखेर तो जवळ गेला. म्हणाला, "बाई, म्या शाळंत मास्तर हाय. तुमचं चित्र काढू का?"

तिनं घास गिळला आणि त्याच्याकडं बघितलं. "काढा की. पण मला दावा, मास्तर."

एवढंच होतं. विचारायला दोन वाक्यं लागली आणि उत्तर यायला तेवढाही वेळ लागला नाही. बब्रुवान खाली बसला. त्यानं कागद लावला, बाटलीतलं पाणी झाकणात ओतलं, ब्रश भिजवला. पण सहा वर्षांत माणूस न काढलेला हात चालेना. पिवळ्यात मातकट मिसळलं, सावली जाड झाली, मान लांब झाली. सुट्टी संपत आली तसं त्यानं ते तिच्यापुढं धरलं. तिनं बघितलं आणि हसायला लागली. "ही म्या न्हाय."

"न्हाय जमलं," बब्रुवान म्हणाला. "हे तुमच्यापाशीच ठेवा."

तिनं कागद फुंकून वाळवला, चार घड्या घातल्या, कमरेला खोवला आणि पाटी उचलून रांगेत गेली. बब्रुवाननं झाकणातलं पाणी लिंबाच्या बुडाला घातलं, पेटी पुसली, आणि ती बाई भरावाच्या पलीकडं दिसेनाशी होईपर्यंत तिथंच बसून राहिला.